पायाळूची दोन पावलं

आमच्या नाशकाच्या तांबट आळीत कोणाच्या पाठीत उसण भरली, की वैद्याआधी पायाळूची शोधाशोध व्हायची. जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने दुखऱ्या पाठीवर एक लाथ घातली की उसण पळते, यावर आळीचा ठाम विश्वास. एरवी पायाळूला कोणी विचारत नसे. उलट पावसात वीज चमकायला लागली की त्याला झाडाखालून हाकलून देत, कारण वीज म्हणे त्यालाच शोधत येते. लाथेपुरता मात्र त्याला मान.

महेबूबचाचा कल्हईवाले पायाळू होते. त्यांच्याबद्दल लिहायला बसलेच आहे तर आधीच सांगून टाकते, त्यांनी माझ्यादेखत कोणालाही लाथ मारली नाही. आणि तरी आमच्या आळीतल्या निम्म्या कंबरा त्यांच्यामुळे शाबूत राहिल्या. चमत्काराच्या आशेने कोणी वाचायला बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठलेलं बरं.

राहायला ते जवळच्या कथडा भागात. रोज सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली येऊन भाता मांडायचे. उंच, काटकुळा माणूस, दाढी पांढरी, आणि पाठ ताठ. डाव्या पायाची करंगळी नव्हती. तरुणपणी तापलेलं कथील पायावर सांडलं आणि करंगळी गेली, एवढंच ते सांगत. भांड्याला नवसागर लावला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, त्यातून ते खोकत बाहेर यायचे आणि चकचकीत पातेलं समोरच्या बाईच्या तोंडापुढे धरून विचारायचे, "बघा, दात मोजता येतात का?" दात मोजता आले नाहीत तर ते भांडं पुन्हा भट्टीवर चढवत. कामात त्यांना स्वतःची लबाडी चालत नसे, आणि दुसऱ्याचीही नाही.

कल्हई करायची तर आधी भांडं आतून घासून काढावं लागतं. वाट्या-तांबे हाताने घासता येतात. पण हंडा, घंगाळ, तपेलं असली धुडं पायांनीच घासायची. भांड्यात वाळू टाकायची, वर गोणपाटाचा तुकडा, त्यावर अनवाणी उभं राहायचं, हातांनी भिंतीचा आधार घ्यायचा आणि कंबर डावीकडे-उजवीकडे फिरवत राहायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं म्हातारा भांड्यात उभा राहून नाचतो आहे. आम्ही लहानपणी त्यांच्यासमोर तसंच नाचून दाखवायचो आणि ते भाता हलवत हसायचे.

मी कुसा. आळीतल्या धोंडीराम तांबटाची धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी माझं कुंकू पुसलं गेलं. सासरी मी चुलीपुढे आयुष्य काढणार हे ठरल्यासारखंच होतं. पण दादा बैलगाडी घेऊन आला, मला घरी घेऊन गेला आणि सगळी आळी नाकं मुरडत असताना त्याने मला मास्तरीण होण्याच्या शाळेत घातलं. बत्तीस साली मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. म्हणून दादाबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. तेव्हा खपत नव्हतं, आता तर मुळीच नाही.

बत्तीस साली सिंहस्थ होता. गोदावरीवर साधूंची आणि यात्रेकरूंची रीघ लागणार, म्हणून पंचवटीतल्या एका अन्नछत्राने दादाला तांब्याचा हंडा सांगितला. असा तसा हंडा नाही. आत दोन माणसं उभी राहतील, एका वेळी पाचशे माणसांची डाळ शिजेल एवढा. पत्रा वाकवणं, सांधणं, गोल आणणं ही कामं कारखान्यातल्या चौघांनी मिळून केली. पण शेवटचं मठारकाम एकाच हाताचं. खरवई नावाच्या वाकड्या ऐरणीवर भांडं टेकवून हातोडीचे बारीक ठोके ओळीने मारत जायचे, एका फेऱ्यावर दुसरा फेरा. त्या ठोक्यांनीच तांबं कसदार होतं आणि भांड्याच्या अंगावर चकाकणाऱ्या टिकल्या उठतात. आळीचा नियम असा, की एका भांड्यावर एकच हात. मध्येच हात बदलला तर ठोक्यांचा तोल बदलतो, आणि जाणकाराला दहा पावलांवरून तो दिसतो. एकाने सोडलेलं काम दुसऱ्याने घेतलं, तर त्याने आधीचे सगळे ठोके झोडून सपाट करायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

दादाचे एक तृतीयांश फेरे झाले होते. चैत्रातली दुपार होती. तो सकाळपासून मांडी घालून, पुढे वाकून बसलेला. पाणी प्यायला उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. तोंडातून आवाज नाही, नुसता घाम. कारखान्यातल्या चौघांनी त्याला घोंगडीवर घालून घरात आणला. माझी वहिनी, तानुबाई, शेकायला विटा तापवायला धावली.

वैद्याचा लेप झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरने पाहून सांगितलं, महिनाभर हलायचं नाही. महिनाभर पडून राहिलं तर हंडा गेलाच. अन्नछत्राचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण त्यांच्या डोक्यावर सिंहस्थ होता. त्यांनी निरोप पाठवला, आठ दिवस थांबतो, त्यानंतर काम भिमाजीकडे. भिमाजी आमच्या समोरच्या घरातला तांबट. कारागीर चांगला, जिभेने तिखट. म्हणजे आठ दिवसांत दादा उठून बसला नाही, तर भिमाजी दादाचे सगळे ठोके झोडून काढणार होता, आणि तेही आमच्या दारासमोर, आम्हाला ऐकू येईल असे. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना. मला म्हणाला, "कुसे, माझे ठोके कोणी पुसलेले मला ऐकवणार नाहीत."

शाळेत मी मुलींना आरोग्यशास्त्र शिकवत होते. अंगारे-धुपारे करू नका, डॉक्टरचं ऐका, असं पाटीवर लिहून घेत होते. तीच मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लाथ मागायला महेबूबचाचांकडे गेले. पुढे कितीतरी वर्षं मी सांगत आले, की वहिनीने धाडलं म्हणून गेले. खोटं आहे. वहिनीला पत्ताही नव्हता.

चाचा भाता बांधून निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही पायाळू आहात ना? दादाला एक लाथ हवी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, हे तुम्ही शाळेत शिकवता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दादा डोळ्यांसमोर होता. म्हटलं, "शाळेचं शाळेत. तुम्ही येताय का?"

"येतो. लाथ नाय मारणार. पण येतो."

ते आले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. आमच्या ओट्यावर अर्धी आळी गोळा झाली, लाथ बघायला. भिमाजीही आला. चाचांनी दादाच्या उशाशी बसून त्याचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कारागिराच्या पाठीवर मी पाय ठेवणार नाय. ज्याला तमाशा बघायचा असेल त्याने घरी जावं."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. भिमाजी बाहेर पडता पडता बोललाच, "देवाने पाय दिला, तो द्यायलाही यांना जड होतो. उद्या धोंडीराम उठला नाही तर कोणाकडे बोट दाखवायचं ते आळी ठरवील." आणि आळी खरंच तसंच बोलायला लागली. त्या आठवड्यात लिंबाखाली भांडी येईनाशी झाली. कल्हईवाल्याने हातचा उपाय राखून ठेवला, असं पाणवठ्यावरही मी ऐकलं. आता पणाला एकट्या दादाचं नाव नव्हतं, चाचांचंही होतं.

सगळे गेल्यावर चाचांनी दार लोटलं आणि दादाला आणि मला जे सांगितलं, ते त्यांनी आळीत कोणालाच सांगितलं नव्हतं. विशीत असताना ते जातील तिथे लाथा मारत फिरायचे. ओझरपासून लोक यायचे, त्यांनाही मोठेपणा वाटायचा. एकदा गेणू नावाचा हमाल आला. पंचवटीच्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहणारा. चाचांनी दिली जोरात ठेवून. "तो ओरडला नाय," चाचा म्हणाले. "नुसता बसला. मग कधी नीट उभा राहिलाच नाय. दोन साल त्याची बायको माझ्यासमोरून पाट्या घेऊन जायची. काय बोलायची नाय. बोलली असती तर बरं झालं असतं." म्हणून त्या दिवसापासून लाथ बंद. "लोक म्हणतात, महेबूबला घमेंड आहे. म्हणू दे. गेणूचं नाव मी बाजारात कशाला काढू?"

दादाने पहिल्यांदा भिंतीकडून तोंड वळवलं. "मग माझं काय करायचं?"

"तू उभा राहायचं. आहिस्ता."

चाचांचं सगळं शास्त्र स्वतःच्या अंगावरून आलेलं. ज्या दिवशी वाट्या-चमच्यांचं काम यायचं, दिवसभर उकिडवं बसून भाता मारावा लागायचा, त्या रात्री त्यांची कंबर ठणकायची. ज्या दिवशी हंडे-घंगाळं यायची, दिवसभर आत उभं राहून कंबर फिरवायची, त्या दिवशी काम दुप्पट आणि दुखणं काही नाही. हे त्यांच्या बरीच वर्षं ध्यानात आलं नाही. एकदा खुर्शीदाचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सहज म्हटलं, "ज्या दिवशी मोठी भांडी असतात त्या दिवशी तुम्ही घरी कुरकुरत नाही." तेव्हापासून ते लहान भांडी असली तरी अधूनमधून उठून रिकाम्या घंगाळात उभे राहू लागले. पन्नाशी ओलांडली, साठीला टेकले, पाठ ताठ राहिली. डॉक्टर-वैद्यांना हे कोणी विचारलं नव्हतं आणि चाचांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कल्हईवाल्याला कोण विचारणार?

पहिले दोन दिवस काही नाही. नुसतं कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठायचं, दाराची चौकट धरून उभं राहायचं, ओट्यापर्यंत चालून यायचं आणि परत पडायचं. दादा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वहिनी पदर तोंडात धरून बघत होती. चाचा म्हणाले, "झालं. आजचं काम झालं." दादाला ते काम वाटलं नाही, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी चाचांनी आमच्या न्हाणीतलं मोठं घंगाळ माजघरात आणून भिंतीला लागून ठेवलं आणि दादाला त्यात अनवाणी उभं केलं. मी विचारलं, "जमिनीवर का नाही?"

"जमिनीवर हा हट्टाने जास्त वळेल," चाचा म्हणाले. "तांबट आहे, जोर लावल्याशिवाय चैन पडणार नाय. घंगाळात पाय पसरताच येत नाय. भांडंच त्याला थांबवेल."

मग हात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवून कंबर हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे. वाळू नाही, गोणपाट नाही, नुसतं फिरणं. ते जमलं की घंगाळाबाहेर येऊन हात भिंतीलाच ठेवून दोन पावलं मागे सरायचं आणि बूड मागे नेत नेत पाठ लांब करायची, गुडघे जरासे सैल. मग हात मांड्यांवर टेकून उभ्यानेच पाठ फुगवायची आणि पुन्हा खाली बसू द्यायची. "भाता कसा फुगतो? तसा श्वास भर. भाता कसा बसतो? तसा सोड." मग एक हात वर, खुंटीवरचं भांडं काढल्यासारखा, दुसरा मांडीवरून खाली सरकता, आणि तसंच दुसऱ्या बाजूने. शेवटी दोन्ही तळवे कंबरेवर मागून टेकवायचे आणि आढ्याकडे बघत जरासं मागे रेलायचं. जरासंच. प्रत्येक गोष्ट चार-पाच वेळा, त्याहून जास्त नाही.

नियम एकच होता. "ताण आला तर चालेल. कळ आली की तिथंच थांब आणि मागे ये. कळेशी भांडायचं नाय." दादाने चौथ्या दिवशी भांडून पाहिलं. लवकर बरं व्हायची घाई. चाचा नसताना त्याने घंगाळाबाहेर उभं राहून जोरात पिळा दिला आणि मटकन खाली बसला. चाचा संध्याकाळी आले, त्यांनी पाहिलं, रागावले नाहीत. म्हणाले, "गेणूला मी मारली. तू स्वतःलाच मारलीस. एक दिवस मागे गेलास, बस." त्यानंतर दादाने घाई केली नाही. ज्या वयात कोणी शिकवायला येत नाही त्या वयाच्या माणसाला आज्ञेत वागताना पाहून मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

खिडकीतून आळी बघत होतीच. धोंडीराम घंगाळात नाचतो, म्हणून पोरं-बायका हसायच्या. भिमाजी समोर आपल्या ओट्यावर बसून नवी हातोडी घासत होता, ती आम्हाला दिसेल अशी.

आठव्या दिवशी सकाळी व्यवस्थापक आले. दादा तेव्हा घंगाळातच होता, हात भिंतीला, कंबर फिरते आहे. त्यांनी जागच्या जागी थांबून विचारलं, "धोंडीराम, हे काय चाललंय?"

"काम सुरू करायची तयारी," दादा म्हणाला.

तो घंगाळातून उतरला. चालत कारखान्यात गेला. चाचांनी आधीच एक उंच चौरंग आणून ठेवला होता, मांडी घालून बसायचं नाही म्हणून. मागोमाग सगळी आळी. भिमाजी दारात उभा. दादाने हातोडी घेतली. त्याने जिथे थांबला होता तिथून फेरा सुरू केला. टण्, टण्, टण्. एकसारखा. हात विसरला नव्हता. हंड्याला वळसा घालून फेरा सुरुवातीला येऊन मिळाला. दादाने हातोडी खाली ठेवली, हातावर भार देऊन उठला, भिंतीला हात टेकवून दोन पावलं मागे सरला, पाठ लांब केली, भात्यासारखी फुगवली, सोडली, जरा मागे रेलला. सगळ्यांसमोर. मग परत बसला आणि पुढचा फेरा सुरू केला.

व्यवस्थापकांनी हंड्याजवळ जाऊन जुना फेरा आणि नवा फेरा बोटाने चाचपून पाहिला. मग भिमाजीला म्हणाले, "तुम्ही सांगा. फरक आहे?"

भिमाजीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोटं बोलायची त्याला चांगली संधी होती, आणि त्याच्याबद्दल मी जे काही वाईट बोलले असेन त्यातलं निम्मं मी त्या एका उत्तरासाठी मागे घेते. तो म्हणाला, "नाही. एकच हात आहे." आणि हातोडी घेऊन घरी गेला.

पुढचे पाच आठवडे दादाने प्रत्येक फेऱ्यानंतर उठून तेच केलं. आमच्याकडे कामाच्या मध्ये उठणं म्हणजे आळशीपणा समजत. पण हंडा वाढत्या चकाकीने सगळ्यांसमोर उभा राहत होता, मग बोलणार काय? वैशाख संपेतो दादाचे ठोके थांबले की शेजारच्या कारखान्यातलेही थांबायचे. लोक पाणी प्यायच्या निमित्ताने उठत आणि भिंतीला हात लावून उभे राहत. भिमाजी दार लावून करायचा. त्याच्या दाराला फट होती.

हंडा पुरा व्हायच्या आदल्या दिवशी दादाने मला शाळेतून खडू आणायला सांगितला. चाचा पाय धुऊन आमच्या माजघरात आले की शहाबादी फरशीवर त्यांची ओली पावलं उमटत. दादाने त्या दोन पावलांभोवती खडूने रेघ ओढून घेतली. चाचा आत चहा पीत होते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "तू गप्प राहा, मास्तरीणबाई."

जेठात हंडा लिंबाखाली आणला, कल्हईसाठी. त्याला शिडी लावावी लागली. चाचा गोणपाट खांद्यावर टाकून आत उतरले, आणि वाळू मागायला हात वर येईना. मी शिडीवर चढून डोकावले. हंड्याच्या तळाला, मधोमध, दादाने ठोक्यांनी दोन पावलं उठवली होती. अगदी खऱ्या मापाची. डाव्या पावलाला चारच बोटं.

चाचा त्या पावलांकडे बघत उभे होते. "धोंडीराम, हे काय केलंस?"

दादा बाहेरून म्हणाला, "तुमची जागा आहे. तिथं उभं राहून घासा."

चाचांनी एक पाय ठेवला, मग दुसरा. बरोबर बसले. त्यांनी तोंडावरून गोणपाट फिरवला, वाळूने डोळे चुरचुरतात असं काहीतरी म्हणाले. वाळू अजून आत टाकलीच नव्हती. मग त्यांनी हंडा घासला, तापवला, कथील फिरवलं, आणि पावलं कल्हईखाली झाकली गेली. बैलगाडीने हंडा पूल ओलांडून पंचवटीत गेला, तेव्हा आळीत जी तुतारी वाजली ती दादासाठी वाजली असं सगळ्यांना वाटलं. आमच्या घरात आम्हाला माहीत होतं कोणासाठी वाजली ते.

गोष्ट इथे संपायची, पण पंचवटीच्या लोकांनी संपू दिली नाही.

छत्तीस सालच्या पौषात अन्नछत्रातून बोलावणं आलं, हंडा कल्हईला आला आहे, पण आधी धोंडीरामांनी येऊन बघावं. दादा, चाचा आणि मी, तिघं गेलो. हंडा स्वयंपाकघराच्या अंगणात ठेवलेला, त्याला झेंडूची माळ, शेजारी शिडी, आणि आत हळद-कुंकू आणि फुलं. साडेतीन वर्षांच्या डाळीने कल्हई उडाली होती आणि तळाची पावलं उघडी पडली होती. मुख्य आचारी, सगळे त्यांना काका म्हणत, हात जोडून म्हणाले, "अन्नपूर्णा उभी राहिलीय हंड्यात. पंधरा दिवस झाले. आम्ही त्यात डाळ टाकायची बंद केली."

मी आत पाहिलं. अन्नपूर्णेची पावलं चांगली सव्वा वीत लांब आणि एक बोट कमी. करंगळी का नाही, म्हणून विचारलं तर काका म्हणाले, देवीची लीला.

मला हसू आवरेना, मी तोंडाला पदर लावला आणि अंगणातल्या लोकांकडे पाहिलं. हे लोक काय म्हणतील? चाचा मागे सरकून भिंतीशी उभे राहिले होते. त्यांनी दादाला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे, नको सांगू. दादाने ऐकलं नाही.

"काका," तो म्हणाला, "ही पावलं देवीची नाहीत. मी उठवली. ही ह्या महेबूबभाईंची. माझी कंबर गेली होती. यांनी मला उभं केलं नसतं तर हा हंडा भिमाजीने केला असता आणि मी अजून भिंतीकडे तोंड करून पडलो असतो. ज्याला शंका असेल त्याने त्यांचा डावा पाय बघावा."

काकांनी चाचांच्या पायाकडे पाहिलं. मग हंड्यात पाहिलं. पुन्हा पायाकडे. "मग पंधरा दिवस मी फुलं कोणाला वाहिली?"

चाचा म्हणाले, "हंड्याला वाहिलीत, काका. हंडा चांगला आहे."

काकांनी हंड्याच्या कडेवरून हात फिरवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते सरळ उभे नव्हतेच. तीस वर्षं चुलीवर वाकून ढवळलेली ती पाठ, पुढे कलंडलेली, एक हात सतत कंबरेवर. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही पायाळू ना? आमच्याकडेही ऐकलं होतं. माझी कंबर दोन वर्षं झाली..." आणि ते पाठ करून उभे राहायला लागले, लाथेसाठी.

"लाथ नाय," चाचा म्हणाले. "हंड्यात या."

काकांनी आधी फुलं वेचून एका ताटलीत काढली, हंड्याला नमस्कार केला, आणि शिडीने आत उतरले. चाचा वरून वाकून सांगत होते. पावलांवर पाऊल ठेवा. हात कडेला टेकवा. आता कंबर डावीकडे. आहिस्ता. आता उजवीकडे. कळ आली की मागे या. स्वयंपाकघरातले बाकीचे आचारी झारे हातात धरून दारात गोळा झाले होते. पाच-सहा वेळा फिरल्यावर काकांनी आतून म्हटलं, "सैल होतंय हो." आणि दारातल्या एकाने झारा खाली ठेवून भिंतीला हात टेकवून बघितलं.

दादा माझ्याशेजारी उभा होता, ताठ, एक्कावन्न वर्षांचा. मला त्या क्षणी त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की आजही तो शब्दांत धरता येत नाही. शाळेत मी शंभरेक मुलींना लिहिता-वाचता केलं असेल. तरी त्या दिवशी कोणी विचारलं असतं तुझं काय, तर मी हंड्याकडे बोट दाखवलं असतं.

चाचांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि हंड्यात ओरडून सांगितलं, "काका, उभेच आहात तर मी वाळू टाकतो. फिरता फिरता घासून पण होईल."

त्या वर्षी हंडा मुख्य आचाऱ्यांनी घासला. कल्हई महेबूबचाचांनी केली.